घाटातली रात्र आणि सीटखालची पिशवी

मुंबईहून कोकणातल्या गावी निघताना गाडी भरणे हे आमच्या घरी मोठे काम असते. जाताना सामान त्या मानाने कमी: दादीची औषधे, चुलत नणंदेच्या मुलांचे कपडे, बेकरीची नानखटाई, चहाची पावडर. परतताना मात्र डिकी बंद होत नाही. तांदळाचे पोते, नारळ, कोकम, सुकट, दिवस मे महिन्याचे असतील तर आंब्याच्या दोन पेट्या, आणि शेवटच्या क्षणी कुणीतरी धावत येऊन खिडकीतून आत सरकवलेला फणस. या सगळ्याच्या तळाशी, सुट्या चाकाच्या खळग्यात, आमची एक पेटी असायची. पाने, टॉर्च, दोरी, प्रथमोपचाराचे सामान, बिस्किटांचे पुडे, सगळे त्या एका पेटीत. मुलांच्या अब्बांनी ती इतकी व्यवस्थित बसवली होती की वरची चादर अंथरली की खाली काही आहे असा कुणाला संशयही येऊ नये. त्यांना त्याचा अभिमान होता. खरे सांगायचे तर मलाही होता.

ती पेटी किती चांगली लपली आहे, हे आम्हाला पोलादपूरच्या पुढे एका जुलैच्या रात्री कळले. कशेडीचा बोगदा तेव्हा सुरू झालेला नव्हता.

आमच्या सासूबाईंच्या, म्हणजे अम्मींच्या भावाचा इंतकाल झाल्याचा फोन जोहरनंतर आला. खेडच्या पुढे, खाडीकाठी त्यांचे गाव. मयतीला पोहोचायचे म्हणजे विचार करायला वेळ नसतो. मुंबई ते खेड हे अंतर सव्वादोनशे किलोमीटरच्या घरात आहे, पण पावसाळ्यात ते किलोमीटरमध्ये मोजायचे नसते. फजरनंतर दफन ठरले होते. रात्री दहा-अकरापर्यंत पोहोचू, मामूंचे शेवटचे दर्शन होईल, या हिशोबाने आम्ही असरची नमाज पढून निघालो. मागच्या सीटवर अम्मी, माझी बारा वर्षांची मुलगी आणि मांडीवर दीड वर्षाचा धाकटा. डिकीत चार घरांच्या बॅगा, कारण दोन नणंदांनी आपले सामान आमच्याकडे देऊन स्वतः रेल्वेने जायचे ठरवले होते.

हा रस्ता आम्हा कोकणी माणसांना तोंडपाठ असतो. पनवेल सुटले की पेण, तिथले गणपतीच्या मूर्तींचे कारखाने. मग वडखळ, तिथून उजवीकडे अलिबागचा फाटा. नागोठणे, कोलाडला कुंडलिका नदी, मग माणगाव. माणगावला अम्मी नेहमी खिडकीबाहेर बघतात, कारण तिथून मोर्बा, म्हसळा, श्रीवर्धनकडे रस्ता जातो आणि त्या बाजूच्या प्रत्येक गावात त्यांचे कोणी ना कोणी नात्याचे निघते. पुढे महाड. महाडला सावित्री ओलांडताना गाडीतले बोलणे आपोआप थांबते. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री तिथला ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात कोसळला आणि दोन एसटी बसगाड्या आणि इतर वाहने अंधारात नदीत गेली. ती माणसे आमच्यासारखीच होती, रात्री प्रवासाला निघालेली, घरच्यांना ‘सकाळी पोहोचतो’ असे सांगून आलेली. नवा पूल पुढच्याच वर्षी, पावसाळ्याच्या तोंडावर, उभा राहिला. आम्ही पुलावर आलो की अम्मी ओठातल्या ओठात दुआ पढतात, त्या रात्रीच्या सगळ्यांसाठी.

त्या संध्याकाळी महाडपर्यंत पाऊस बरा होता. पोलादपूरला मगरिबची वेळ झाली तेव्हा तो इतका कोसळू लागला की वायपर असून नसल्यासारखा झाला. आम्ही शाफई मसलकाचे. प्रवासात मगरिब आणि इशा एकत्र पढण्याची सवलत आम्हाला आहे, फक्त उशिरा पढायची असेल तर त्याची नियत मगरिबच्या वेळेतच करावी लागते. तशी नियत करून आम्ही निघालो. मगरिबच्या तीन रकात तशाच राहतात, इशाच्या चारच्या दोन होतात. अल्लाहने मुसाफिराला दिलेली ही सूट किती मोठी आहे, हे त्या रात्रीइतके मला कधी जाणवले नव्हते.

घाट चढायला लागलो आणि थोड्याच वेळात पुढच्या गाड्यांचे लाल दिवे एकामागून एक पेटत थांबले. पुढे दरड आली होती. माती, दगड आणि एक आडवे झाड. मागेही गाड्या लागल्या, त्यामुळे परत फिरणे शक्य नव्हते. पहिला तास आम्ही ‘आत्ता सुटेल’ म्हणत काढला. दुसऱ्या तासाला धाकटा रडून रडून झोपला. मोबाइलला रेंज नव्हती, आणि रेंज शोधण्यात त्याची बॅटरी उतरत चालली होती.

अम्मींना पंधरा वर्षांपासून मधुमेह आहे. संध्याकाळची गोळी त्यांनी वेळेवर घेतली होती, पण जेवण ‘गावी पोहोचल्यावर’ म्हणून राहिले होते. भावाच्या दुःखात दुपारीही त्यांनी चार घासच घेतले होते. रात्री साडेनऊच्या सुमारास माझ्या मुलीने हळूच मला सांगितले, “अम्मा, दादीचे हात थंड लागतायत, आणि त्या काहीतरी वेगळंच बोलतायत.” मी मागे वळले. अम्मींच्या कपाळावर घाम होता, हात थरथरत होते, आणि त्या मला माझ्या नणंदेच्या नावाने हाक मारत होत्या. साखर उतरली होती. हे मला माहीत होते. यावर काय करायचे हेही माहीत होते: तीन-चार चमचे साखर, ग्लुकोज किंवा गोड सरबत लगेच द्यायचे, पंधरा मिनिटे थांबायचे आणि फरक पडला नाही तर पुन्हा तेवढेच द्यायचे. माणूस शुद्धीवर असेपर्यंतच तोंडाने द्यायचे, बेशुद्ध झाल्यावर तोंडात काही घालायचे नाही. सगळे माहीत होते. ग्लुकोजचा डबाही गाडीत होता. तो होता सुट्या चाकाच्या खळग्यातल्या पेटीत, चार घरांच्या बॅगांखाली.

मुलांच्या अब्बांनी डिकी उघडली. वरून पाऊस धो धो कोसळत होता आणि खाली रस्त्यावरून गढूळ पाण्याचा लोंढा वाहत होता. एकेक बॅग काढून कुठे ठेवणार? रस्त्यावरच. अंधारात हाताने चाचपत त्यांनी पेटी गाठली, झाकण उघडले आणि पहिल्यांदा टॉर्च काढला. तो लागेना. वर्षभर आत राहिलेले सेल फुटून त्यांचे पाणी टॉर्चमध्ये पसरले होते. मी आत बसून अम्मींचा हात धरून त्यांच्याशी बोलत होते, आणि मनात येत होते की आपण हे सामान चोरापासून लपवले की स्वतःपासून?

तेवढ्यात मागच्या ट्रकचा चालक छत्री घेऊन पुढे आला. साठीच्या आसपासचा माणूस, कपाळाला गंध, खांद्यावर टॉवेल. डिकीतली धडपड पाहून त्याला वाटले चाक बसले असेल. मी काच खाली करून सांगितले, “काका, आमच्या सासूबाईंची साखर उतरलीय.” तो काही न बोलता मागे वळला आणि मिनिटाभरात परत आला, हातात गुळाचा मोठा खडा आणि थर्मासमधला गोड चहा. “आजी, हे घ्या आधी,” म्हणाला. चहा कोमट होता, म्हणून पटकन घोट घेता आले. दहा-पंधरा मिनिटांत अम्मींनी मला माझ्या नावाने हाक मारली. तोपर्यंत ग्लुकोजचा डबाही सापडला होता, ओला, पण आतली पूड कोरडी.

त्या चालकाच्या गाडीत काही हजारांची किट नव्हती. सीटशेजारच्या कप्प्यात गूळ-शेंगदाणे, थर्मास आणि आरशाला अडकवलेला एक टॉर्च, एवढेच होते. पण अंधारात डोळे मिटून हात घातला तरी त्याला ते सापडत होते.

रस्ता रात्री अडीचला सुटला. मगरिब-इशा आम्ही ट्रकशेजारी, बंद टपरीच्या पत्र्याखाली पढलो. वुजूला एक बाटली पाणी पुरले. प्रेषित मुहम्मद (स.) एका मुद पाण्यात, म्हणजे ओंजळभर पाण्यात, वुजू करीत असत असे हदीसमध्ये आले आहे, ते त्या रात्री अक्षरशः अनुभवले. पुढे भरणे नाक्यावर पुन्हा पाणी होते, ते ओसरेपर्यंत थांबावे लागले. गावी पोहोचलो तेव्हा दफन होऊन गेले होते. मुलांच्या अब्बांनी ओल्याच कपड्यांत कबरीपाशी उभे राहून मामूंची जनाजाची नमाज पढली. अम्मी घरात बसून रडल्या आणि मग मला म्हणाल्या, “बेटा, भावाला भेटले नाही, पण त्या गंधवाल्या माणसासाठी मी दुआ केली.”

परतल्यावर पहिल्या रविवारी आम्ही गाडी रिकामी केली आणि सगळे नव्याने लावले. त्यातून जे शिकलो ते वाचक भगिनींना सांगावे म्हणून हा लेख.

सामान झाकून ठेवायला हवे यात शंका नाही. रस्त्याकडेला, लग्नाच्या हॉलबाहेर, दवाखान्याच्या आवारात गाडी उभी राहते. सीटवर दिसणारी साधी पिशवीही काच फोडायला पुरेशी असते. आत काय आहे हे चोराला माहीत नसते, त्याला फक्त पिशवी दिसते. म्हणून गाडीत काहीही उघड्यावर ठेवू नये. आणि झाकाझाक करायची ती निघण्यापूर्वी घरी करावी, मुक्कामाला पोहोचल्यावर चार लोकांसमोर डिकी उघडून बॅग आत टाकू नये, कारण पाहणाऱ्याला त्यातून तुम्ही काय आणि कुठे ठेवले हे आयतेच कळते. पण बाहेरच्यांपासून झाकलेले घरातल्या प्रत्येकाला माहीत असले पाहिजे, आणि त्यापर्यंत हात पोहोचला पाहिजे. आमच्याकडे आता मुलगीही डोळे मिटून सांगते की कुठे काय आहे.

सामानाचे आम्ही तीन भाग केले. ज्याची गरज सेकंदात लागते, ज्याची मिनिटांत लागते आणि ज्यासाठी गाडी थांबवून खाली उतरावेच लागते.

सेकंदातले सामान चालकाच्या आणि शेजारच्या सीटच्या हाताशी, पट्टा लावलेला असतानाही पोहोचेल असे. काच फोडायची छोटी हातोडी, जिच्या दुसऱ्या टोकाला पट्टा कापायचे पाते असते, ती. ही डिकीत ठेवण्यात काहीच अर्थ नाही. 26 जुलै 2005 ला मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा काही माणसे पाण्यात अडकलेल्या स्वतःच्या गाडीतच गुदमरली. दारे आणि काचा उघडल्या नाहीत. हातोडीने बाजूची काच फोडायची, तीही मधोमध नव्हे, कोपऱ्यात. समोरची काच दोन थरांची असते, ती अशी फुटत नाही. आमची हातोडी मधल्या कप्प्यात, चष्म्याच्या जुन्या डबीत आहे. बाहेरून पाहणाऱ्याला ती चष्म्याचीच डबी वाटते. दाराच्या कप्प्यात छोटा टॉर्च आणि ग्लुकोजची पाकिटे. अम्मींच्या बाजूच्या कप्प्यात गुळाची पुरचुंडी, हा त्यांचाच हट्ट.

मिनिटांतले सामान पुढच्या सीटच्या मागच्या खिशांत आणि मागच्या सीटच्या पायांजवळ, एका चपट्या कापडी पिशवीत. जुन्या उशीच्या गडद अभ्र्याला मी चेन लावून ती शिवली. पट्ट्या, जंतुनाशक, चिकटपट्टी, तापाची गोळी, ओआरएसची पाकिटे, दोन घड्यांचे रेनकोट, जुनी चादर, शिट्टी. चालकाच्या सीटखाली मात्र काहीही सुटे ठेवायचे नाही. बाटली घरंगळत जाऊन ब्रेकच्या पायपट्टीखाली अडकली तर तेच सामान जीव घेईल. सीटखालच्या तारांना आणि रुळाला काही अडणार नाही हेही पाहायचे. आणि डॅशबोर्डवर, एअरबॅगच्या जागेवर, तसबीह अडकवायच्या खुंटीपासून अत्तराच्या बाटलीपर्यंत काहीच नको. एअरबॅग उघडली की ती वस्तू दगडासारखी तोंडावर येते.

तिसरा भाग डिकीतला. जॅक, पाना, ओढायची दोरी, बॅटरीच्या जोडवायर, हवा भरायचा छोटा पंप, हातमोजे. हे खळग्यात राहिले तरी चालते, पण आता त्यावर नरम पिशव्याच ठेवतो, तांदळाचे पोते नव्हे. लाल परावर्तक त्रिकोण मात्र वर काढला. नव्या गाडीबरोबर तो आणि प्रथमोपचाराची पेटी मिळते, पण कित्येकांच्या घरी तो प्लास्टिकमधून कधी बाहेरच आलेला नसतो. गाडी बंद पडली तर तो निदान पन्नास मीटर मागे लावावा, आणि घाटात असाल तर वळणाच्या अलीकडे, म्हणजे मागून येणाऱ्याला वळायच्या आधीच दिसेल.

बायकांच्या गरजेचे सामान कुठल्याही यादीत नसते, म्हणून मुद्दाम लिहिते. सहा तास रस्ता बंद असतो तेव्हा पुरुष झाडामागे जाऊन येतात. आम्ही काय करायचे? गाडीत एक मोठी गडद चादर, तोटीचा लोटा, पाण्याची वेगळी बाटली, ओले रुमाल आणि काळ्या पिशव्या ठेवा. दोघींनी चादर धरली की तिसरीची सोय होते. सॅनिटरी पॅड मी शिवणकामाच्या जुन्या कापडी बटव्यात ठेवते, बाळाचे लंगोट आणि एक जोड कपडे त्याच्या शेजारी. मुलगी मोठी होते आहे. तिला हा बटवा कुठे आहे हे न विचारता सापडला पाहिजे, आणि विचारायची लाज वाटू नये. दुपट्टा आणि पातळ मुसल्लाही त्याच जागी.

पैसेही थोडे वेगळे ठेवा. घाटात रेंज नसली की मोबाइलवरून पैसे जात नाहीत. शंभर-पन्नासच्या नोटा मिळून काही रक्कम आम्ही गाडीच्या माहितीपुस्तिकेच्या पानांत ठेवली आहे. ते पुस्तक कुणी चोरत नाही आणि आजवर घरात कुणी वाचलेलेही नाही. त्यातच एका कागदावर अम्मींच्या औषधांची नावे, सगळ्यांचे रक्तगट, दोन नातेवाइकांचे नंबर आणि मदतीचे नंबर: 112 सर्व संकटांसाठी, 108 रुग्णवाहिकेसाठी, 1033 राष्ट्रीय महामार्गासाठी. मोबाइल बंद पडला की पाठ असलेला एकही नंबर आठवत नाही, हे त्या रात्री कळले होते.

आता एक नाजूक गोष्ट. वर्षभरापूर्वी एका नाक्यावर रात्री गाडी थांबवली गेली. मुलांच्या अब्बांची दाढी, माझा बुरखा, मागे सामान. शिपायाने बॅटरी मारली आणि विचारले, “खाली ही पिशवी कसली?” माझ्या मुलीने माझा हात घट्ट धरला. अशा वेळी आपल्या घरात सगळ्यांच्या मनात एकच भीती येते, आणि ती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. मुलांच्या अब्बांनी आतला दिवा लावला, दोन्ही हात दिसतील असे ठेवले आणि शांतपणे सांगितले, “साहेब, प्रथमोपचाराची पिशवी आहे, उघडून दाखवतो.” पिशवीवर मी पांढऱ्या दोऱ्याने मराठीत ‘प्रथमोपचार’ असे मोठ्या अक्षरांत भरलेले होते आणि आत वरच सामानाची यादी होती. शिपायाने यादी वाचली, चष्म्याच्या डबीतली हातोडीही पाहिली आणि म्हणाला, “ही कुठं मिळते? आमच्या गाडीत पण पाहिजे.” मग त्याने आम्हाला जाऊ दिले.

त्या दिवसापासून माझा नियम असा आहे: सामान झाकलेले असावे, पण उघडल्यावर ते काय आहे हे कुणालाही एका नजरेत कळावे. गाडीत सुरी, कोयता, लोखंडी गज ‘असू दे संरक्षणाला’ म्हणून ठेवू नका. नारळ सोलायचा कोयता गावी मिळतो, तो मुंबईहून न्यायची गरज नाही. कागदपत्रे मोबाइलमधल्या डिजिलॉकरमध्येही ठेवा. जे सरळ आहे ते सरळ दिसू द्यावे, यात आपलीच सुरक्षा आहे.

सामान ठेवून विसरणे हा दुसरा धोका. मे महिन्यात उन्हात बंद उभ्या असलेल्या गाडीत हात लावता येत नाही इतकी उष्णता होते. त्यात लायटर, सेंटचे फवारे, पॉवर बँक ठेवून जाऊ नये. इन्सुलिन घेणाऱ्यांनी ते गाडीत सोडूच नये, बरोबरच्या थंड पिशवीत न्यावे आणि बरोबर आणावे. गोळ्याही उष्णतेने खराब होतात. पेट्रोलचा सुटा डबा तर कधीच नको. पाणी दर फेरीला नवे भरावे. आमच्याकडे आता नवा चांद दिसला की दुसऱ्या दिवशी मुलगी गाडीची पिशवी घरात आणते. तारीख उलटलेली गोळी काढते, टॉर्च लावून बघते आणि सेल काढून वेगळे ठेवते, बिस्किटे खाऊन टाकते. हे शेवटचे काम ती आणि धाकटा फार मनापासून करतात. अब्बांच्या वाट्याला सुट्या चाकाची हवा बघणे येते, कारण ऐनवेळी सुटे चाकच बसलेले निघाल्याच्या कहाण्या प्रत्येक घरात आहेत.

आणि हे सगळे असूनही सामानाला मर्यादा आहे. 22 जुलै 2021 ला चिपळुणात वाशिष्ठी शहरात शिरली. एसटी स्थानकात उभ्या बसगाड्या पाण्याखाली गेल्या. त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड आली आणि अख्खी वाडी गाडली गेली. अशा पाण्यापुढे, अशा मातीपुढे सीटखालची पिशवी काय करणार? वाहते पाणी एक फूटभर असले तरी लहान गाडी उचलली जाते, दोन फुटांना मोठीही. म्हणून रस्त्यावर वाहते पाणी दिसले की पहिले साधन म्हणजे परत फिरणे. ‘पुढची गाडी गेली ना’ म्हणून आपण जायचे नाही. गाडी उभी करून थांबावे लागले तर डोंगराच्या कड्याला चिकटून किंवा ओढ्याच्या मोरीवर थांबू नये. इंजिन तासन् तास चालू ठेवून काचा बंद करून झोपू नये, कारण चिखलपाण्याने धुराची नळी तुंबली तर विषारी धूर आत येतो. मयत असो, लग्न असो, उशिरा पोहोचलेला माणूस पोहोचलेला असतो.

कुणी म्हणेल, अल्लाहवर भरवसा असताना एवढी तयारी कशाला? उंट मोकळा सोडून तवक्कुल करू का, असे विचारणाऱ्याला प्रेषितांनी (स.) आधी उंट बांधायला आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवायला सांगितले, ही हदीस आपण लहानपणापासून ऐकतो. आमची गाडी हाच आमचा उंट. सवारीची दुआ पढून आम्ही निघतो, पण आता दुआच्या आधी अम्मी एक प्रश्न विचारतात, “टॉर्च लागतो ना?”

पिशवीत अलीकडे एक भर पडली आहे. जे काही ठेवतो ते एकाच्या गरजेपेक्षा थोडे जास्त: एक जादा रेनकोट, एक जादा पाण्याची बाटली, ग्लुकोजचे जादा पाकीट. कुरआनने आपल्या मालात वाटेवरच्या मुसाफिराचाही हक्क सांगितला आहे, आणि त्या रात्री तो मुसाफिर आम्हीच होतो. गेल्या पावसाळ्यात सावर्ड्याच्या अलीकडे एक जोडपे मोटारसायकल बंद पडून झाडाखाली भिजत उभे होते. बाईच्या हातात तान्हे बाळ होते. आम्ही गाडी थांबवण्याआधीच माझ्या मुलीने मागच्या पिशवीची चेन उघडलेली होती. रेनकोट दिला, बाळाला चादर दिली, अब्बांनी टॉर्च धरला तोवर त्या माणसाने प्लग पुसून गाडी चालू केली. रेनकोट परत कसा करू, असे तो विचारू लागला. अम्मी आतून म्हणाल्या, “परत नको रे बाळा. पुढं कुणी भेटेल त्याला दे.”

गाडी पुढे निघाली तेव्हा अम्मी दाराच्या कप्प्यात हात घालून काहीतरी चाचपत होत्या. गुळाची पुरचुंडी जागच्या जागी आहे, याची त्यांनी खात्री करून घेतली आणि डोळे मिटले.

अल्लाह रस्त्यावरच्या प्रत्येकाला आपल्या माणसांत सुखरूप पोहोचवो. आमीन.